आमच्या घरातली गूळबंदी

डॉक्टरांनी काचेच्या नळीत निळे पाणी घेतले, त्यात शालनच्या लघवीचे काही थेंब सोडले आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. निळ्याचे हिरवे झाले, हिरव्याचे पिवळे झाले आणि थोड्याच वेळात तळाशी भाजलेल्या विटेचा रंग बसला. मी गावच्या मुलींच्या शाळेत इतर विषयांबरोबर चित्रकलाही शिकवत असे. रंग देखणा आहे, एवढेच तेव्हा माझ्या मनात आले. धक्का बसलेल्या माणसाच्या मनात काय येईल याचा नेम नसतो.

“हा शेवटचा रंग,” डॉक्टर आपटे म्हणाले. “याच्यापुढे रंग नाही. तुमच्या मुलीला डायबेटिस आहे.”

माझ्या शेजारी माझे सासरे उभे होते. सगळे गाव त्यांना आबा म्हणे, म्हणून मीही म्हणे. त्यांनी फेटा सारखा केला.

“आवं डाक्टर, त्यो तर पोट सुटलेल्या सावकारांचा रोग. ही धा वर्साची पोर. वाळून काडी झालीया.”

“मुलांचा वेगळा असतो. तो वाळवतोच.”

मग डॉक्टरांनी आम्हाला समजावून सांगितले. पोटात जठरामागे पॅन्क्रियास नावाचा एक अवयव असतो, स्वादुपिंड. त्यातून इन्सुलिन नावाचा रस रक्तात उतरतो आणि खाल्लेल्या अन्नाची जी साखर होते ती अंगी लावतो. शालनच्या अंगात तो रस जवळजवळ आटला होता. साखर रक्तात फिरत होती आणि वापरता येत नाही म्हणून लघवीवाटे बाहेर जात होती.

“म्हंजी उसाचा ढीग पडलाय आन चरक बंद,” आबा म्हणाले.

“अगदी तसेच,” डॉक्टर म्हणाले. “आम्ही चरक बाहेरून आणून देणार. रोज, सुईने.”

मी विचारले, “ती बरी होईल?”

“नाही. पण जगेल. या दोन शब्दांतला फरक आजच समजून घेतलात तर पुढचे सोपे जाईल.”

मला त्या माणसाचा राग आला. पुढे कळले की इतके खरे बोलणारा डॉक्टर भेटणे हे नशीब असते. माझ्या मुलीच्या आजाराची हकिगत मी लिहिते आहे ती ज्यांच्या घरात एखाद्या मुलाच्या नळीत असाच विटकरी रंग बसला असेल त्यांच्यासाठी. काळ जुना आहे, १९४४ सालचा. औषधे बदलली, सुया बदलल्या. माणसे फारशी बदललेली नाहीत, म्हणून हे उपयोगी पडेल.

आमचे गाव रहिमतपूर स्टेशनापासून बैलगाडीच्या वाटेवर. घरची जमीन उसाची. शालनचे वडील फौजेत, त्या वेळी इटलीत लढत होते. मी कराडच्या एका मास्तरांची मुलगी. वडिलांचे पुस्तकांचे कपाट मी लग्नाआधीच संपवले होते आणि लग्नानंतर शाळेत नोकरी धरली होती. सुनेने नोकरी करावी हे आबांना पसंत नव्हते, पण गावच्या मुलींना शिकवायला दुसरे कोणी नव्हते, आणि गावात कशाचीही उणीव आहे हे आबांना त्याहून नापसंत होते.

श्रावणात शालन पाणी पिऊ लागली. पाणी सगळेच पितात, पण ही तांब्या तोंडाला लावायची आणि रिकामा करूनच खाली ठेवायची. वारंवार परसात जायची. अंथरूण ओले करू लागली, जे तिने लहानपणीच सोडले होते. खायची दोन माणसांचे आणि हाडे मात्र वर येऊ लागली. मोरीत तिच्या जागी मुंग्यांची रांग लागायची.

गावाने आपल्या परीने निदान केले. नजर लागली, जंत झाले, आईचे लक्ष पुस्तकात. तिसऱ्या निदानाला सर्वाधिक मते होती. रहिमतपूरच्या वैद्यांनी मुंग्यांचे ऐकले आणि ते गंभीर झाले, पण म्हणाले, हा बसून खाणाऱ्या प्रौढांचा रोग आहे, मुलीचे वय त्यात बसत नाही. वय बसेना म्हणून त्यांनी रोग सोडून दिला आणि जंताचे औषध दिले.

एके दिवशी तिला ओकाऱ्या सुरू झाल्या. श्वास खोल आणि जड येऊ लागला. तोंडाला पिकून उतरलेल्या फळासारखा वास येत होता. हा वास लक्षात ठेवा. शरीराला साखर वापरता येत नाही तेव्हा ते चरबी जाळू लागते आणि त्या जळण्याचा धूर म्हणजे हा वास. त्याच्या पुढची पायरी डायबेटिक कोमा, म्हणजे बेशुद्धी, आणि त्याच्याही पुढची मी सांगायला नको. आबांनी गाडी जुंपली. आम्ही रहिमतपूरला रेल्वे धरली, मिरजेला गाडी बदलली आणि सांगलीला या दवाखान्यात पोचलो. रस्ताभर आबा एकच वाक्य बोलले: “झोपू देऊ नगंस तिला.”

पहिल्या इंजेक्शनांनंतर शालन शुद्धीवर राहिली. काही दिवसांनी श्वास हलका झाला. मग एका सकाळी तिने नर्सला विचारले, “इथं भाकरी न्हाई का मिळत?” मी व्हरांड्यात जाऊन खांबाला टेकून रडले. दवाखान्याचे खांब जाड असतात, ते बरे असते.

आबांना पिकासाठी परत जायचे होते. जाताना त्यांनी डॉक्टरांना गाठून विचारले, “आमी घरी काय पाळायचं ते येका बोलात सांगा.”

डॉक्टर घाईत होते. म्हणाले, “साखर, गूळ, गोड काही नाही. हिला ते विष आहे.”

आबांनी मान हलवली आणि ते वाक्य गाठीला बांधून घरी नेले. ते वाक्य अर्धे होते. पुढे जे घडले ते सगळे त्या राहिलेल्या अर्ध्यामुळे.

डॉक्टर आपटे मुलांच्या डायबेटिसवर संशोधन करत होते. संशोधन म्हणजे दुर्बिणी आणि झगमगाट अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात ते तराजू घेऊन भाकरी वजन करत. त्यांच्याकडचे आहाराचे तक्ते सगळे विलायतेहून आलेले. इतके इन्सुलिन दिले तर टोस्टचे इतके तुकडे, उकडलेले बटाटे इतके, आणि ओट नावाच्या धान्याची खीर. आमच्या तालुक्यात ओट कोणी घोड्यालाही घातलेले नाही. ज्वारीच्या भाकरीला इन्सुलिन किती लागते हे कोणत्याच पुस्तकात नव्हते. डॉक्टरांनी दवाखान्याच्या स्वयंपाकघरात भाकऱ्या थापून घेतल्या, तर प्रत्येक बाईची भाकरी वेगळ्या मापाची. स्वयंपाकीणबाई भडकली. “भाकरी का तोळ्यामाशाची वस्तू हाय व्हय?” डॉक्टर म्हणाले, “आजपासून आहे.” शेवटी पीठ मोजून द्यायचे ठरले.

या तराजूमागे एक वाद होता. जुन्या मताचे डॉक्टर मुलांना जवळजवळ उपाशी ठेवत, म्हणजे साखर कमी राहते. मूलही कमी राहते, पण ते तक्त्यात दिसत नाही. आपट्यांचे म्हणणे, मुलाला वाढायला लागते तेवढे घरचे अन्न द्या आणि औषध त्या मानाने बसवा. त्यांच्याकडे अशी मुले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. शालन त्यांतली एक.

मग मुंबईचे मोठे डॉक्टर पाहणीला आले. त्यांच्या नावापुढे पदव्यांची इतकी अक्षरे होती की स्वागताची पाटी रंगवणाऱ्याने ती दोन ओळींत मोडली होती. आदल्या दिवशी खाटा रंगवल्या, त्यामुळे रोग्यांच्या हातांना रंग लागला. मोठे डॉक्टर आले तेव्हा त्यांच्या मागे डॉक्टर, त्यांच्या मागे शिकाऊ डॉक्टर, त्यांच्या मागे फुलांची परडी घेतलेला शिपाई. ते शालनच्या खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. त्यांनी तिला हात लावला नाही, जीभ पाहिली नाही. इंग्रजीत आपट्यांना म्हणाले की ही मुलगी वॉर्डात आहे तोवर ठीक, पण खेड्यात हे चालायचे नाही. अडाणी घर, सुया उकळणार कोण, रंग पाहणार कोण. हिला इथेच ठेवा, नाहीतर हंगामभरात कोमात परत येईल, आली तर.

मला इंग्रजी येत असेल असे त्यांना वाटले नव्हते. मी उठून म्हणाले, “सुया मी उकळीन. रंग मला ओळखता येतात, ते शिकवण्याचा मला पगार मिळतो.”

मोठे डॉक्टर हसले आणि पुढच्या खाटेकडे वळले. शालन म्हणाली, “आई, त्यांनी मला नावपण न्हाई इचारलं.”

संध्याकाळी आपटे माझ्याशी बसून बोलले. “त्यांचे म्हणणे अगदीच चूक नाही. घरी गेलेली मुले मी गमावली आहेत. तरीही खेड्यातल्या घरात हे जमते का, हे मला पाहायचे आहे, कारण मुले खेड्यातच राहतात. हा उसाचा एक हंगाम मी तुम्हाला देतो. दर महिन्याला तिला दाखवायला आणा. मध्ये ती एकदा जरी शुद्ध हरपून आली, तर मी तिला परत पाठवणार नाही. ती इथेच वाढेल.”

“मला तुमच्या प्रयोगात रस नाही डॉक्टर. मला मुलीत आहे.”

“या खेपेला ते दोन्ही एकच आहे,” ते म्हणाले.

निघण्याआधी त्यांनी मला दुसरे अर्धे शिकवले. इन्सुलिन साखर खाली आणते, आणि कधी कधी गरजेपेक्षा खाली. मूल जास्त धावले, जेवायला उशीर झाला, तर रक्तातली साखर संपत जाते. याला हायपोग्लायसीमिया म्हणतात. हातपाय थरथरतात, थंड घाम येतो, मूल चिडते, बरळते, मग बेशुद्ध पडते. तेव्हा साखर हेच औषध. त्यांनी मला खडीसाखर एका कापडी पिशवीत बांधून मुलीच्या कमरेला ठेवायला सांगितली. सुई टोचायचा सराव मी वांग्यावर केला. त्या वांग्यांची भाजी स्वयंपाकीणबाईंनी करू दिली नाही.

दिवाळीनंतर आम्ही घरी आलो, तर घरात गूळ नव्हता.

उसाच्या घरात गूळ नसणे म्हणजे काय हे आमच्या भागातल्या माणसाला सांगायला नको. उन्हातून आलेल्या परक्या माणसालाही आम्ही आधी गूळ-पाणी देतो, मग नाव विचारतो. आबांनी मागच्या हंगामातल्या ढेपा बाजारात घातल्या होत्या आणि पाहुण्यांच्या हातावर शेंगदाणे ठेवत होते. एवढ्यावर ते थांबले नव्हते. खंडोबा आमचे कुलदैवत. आबांनी शेजारीपाजारी, भावकी, शाळेसमोरचा दुकानदार, गुऱ्हाळातले गडी, सगळ्यांना मारुतीच्या पारावर जमवून त्यांच्याकडून बेलभंडारा उचलून घेतला होता. म्हणजे तळहातावर बेलाचे पान आणि हळद घेऊन देवाच्या नावाने शपथ. शालनच्या तोंडात गोड घालीन तर खंडोबा बघून घेईल. असा बेलभंडारा आमच्याकडे कोणी मोडत नाही. कोर्टात खोटी साक्ष देणारी माणसे मी पाहिली आहेत. भंडारा मोडणारा पाहिला नाही.

माझ्यासमोर त्यांनी तबक धरले. “सूनबाई, तूच ऱ्हायलीस.”

मी उचलला नाही. म्हटले, “आबा, शपथेने औषध होत नाही. आणि कधी कधी तिला साखर द्यावीच लागेल.” मी हायपोचे सगळे समजावून सांगितले, थरथर, घाम, बरळणे.

आबांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, “गूळ इख हाय म्हनतीस आन पोरीच्या कमरंला खडीसाखर बांधतीस. येक काय त्ये ठरीव की गं. इखावर इखाचा उतारा असतुया व्हय?”

“असतो.”

“कुनी सांगितलं?”

“डॉक्टरांनी.”

“डाक्टर माज्यासमोर बोलला त्ये येगळं हुतं,” आबा म्हणाले आणि तबक देवघरात ठेवून आले. ते अडाणी नव्हते आणि दुष्ट तर नव्हतेच. डॉक्टरांचे पहिले वाक्य त्यांनी माझ्यापेक्षा जास्त निष्ठेने पाळले होते.

बाकी सारे जमत गेले. सकाळी उठले की सुई आणि पिचकारी उकळायची, औषधाची कुपी पाण्याच्या माठाशेजारी ओल्या फडक्यात, इंजेक्शन, मग मोजलेल्या पिठाची भाकरी. संध्याकाळी पुन्हा तेच. नळीतला रंग बहुतेक दिवस निळा किंवा हिरवा. लढाईमुळे स्पिरिट मिळेना, तेव्हा नळी चुलीच्या निखाऱ्यावर धरली. रंगाला त्याचे काही वाटले नाही. दर महिन्याला सांगलीला जाताना मी घरच्या भाकऱ्या फडक्यात बांधून नेई. डॉक्टर त्या वजन करून, वाळवून, कुटून काचेच्या बाटल्यांत भरून ठेवत. स्टेशनावर एकदा तिकीट कलेक्टरने विचारले, एवढ्या भाकऱ्या कुणाला? मी म्हटले, विज्ञानाला. त्याने जाऊ दिले.

शालनचे गाल भरले. ती पुन्हा झाडावर चढू लागली. सुईला तिने नाव ठेवले होते, “आत्याबाई”, कारण ती रोज येते आणि टोचून बोलते.

पौषात आमचे गुऱ्हाळ सुरू झाले. बैल चरक फिरवतात, रस काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत पडतो, चुलवाणाच्या भट्टीवर तो तासन्तास आटतो, आणि गुळव्या, म्हणजे गूळ उतरवणारा कारागीर, कधी खाली घ्यायचा ते ठरवतो. आमचा गुळव्या बापू, धिप्पाड, बोलका. त्या दिवशी शाळेला सुटी नव्हती, त्यामुळे मी शाळेत होते; शालनला मात्र गुऱ्हाळासाठी एक दिवस शाळा बुडवू दिली होती. इंजेक्शन आणि न्याहारी झाल्यावर शालन गुऱ्हाळावर गेली. दुपारचे जेवण मी तिथेच घेऊन येणार होते.

तिथे जे घडले त्या वेळी मी नव्हते. बापूने आणि आबांनी मला ते वेगवेगळे सांगितले, आणि दोघांची हकिगत जुळली, जे आमच्या गावात फारसे घडत नाही.

सकाळी शालन आंघोळीला गेली तेव्हा आबांना तिच्या परकराशी बांधलेली पिशवी दिसली. त्यांनी ती काढून घेतली. साखर रेशनची, फेकवेना, म्हणून त्यांनी ती आपल्या चंचीत, सुपारी-तंबाखूच्या पिशवीत टाकली. पोरीला त्यांनी सांगितले, “देवाला ठिवलीया.” आजोबांशी वाद घालायची आमच्याकडे रीत नाही.

गुऱ्हाळावर शालन बैलांमागे पळाली, चिपाडांच्या ढिगावरून घसरली, फडातून ऊस ओढून आणला. सूर्य माथ्यावर येत होता आणि माझा यायचा वेळ झाला नव्हता. ती बापूजवळ येऊन उभी राहिली.

“बापूकाका, काकवी द्या.”

काकवी म्हणजे गूळ होण्याआधीचा दाट पाक. बापूच्या शेजारी मडक्यात निवलेली काकवी भरून ठेवलेली होती.

“तुला न्हाई बाय. भंडारा उचललाय आमी.”

“द्या की वं. हात कापत्याती माजं.”

“थंडी हाय, चुलवाणाजवळ बस.”

ती बसली. थंडीत तिच्या कपाळावर घाम फुटला. मग ती बापूला शिव्या देऊ लागली, ज्या तिला येतात हे आम्हाला कुणाला माहीत नव्हते. मग वेड्यासारखी हसू लागली. गडी काम सोडून भोवती जमले. एक म्हणाला, अंगात आलंय, हळद लावा. दुसरा म्हणाला, बांधावरची बाधा हाय, लिंबू उतरा. काहिलीत रस उकळत होता, ओळीने ढेपा वाळत होत्या, मडकी भरलेली होती. गोडाच्या त्या डोंगरात माझी मुलगी साखरेवाचून जात होती, आणि तिच्यावर जीव असलेली सगळी माणसे हात मागे बांधून उभी होती, कारण ती प्रामाणिक होती.

आबा फडातून आले. शालन चिपाडांवर आडवी झाली होती. डोळे अर्धे मिटलेले. आबांनी तिचा हात धरला. हात ओला आणि थरथरता. बापूने मला नंतर सांगितले, त्यांचं तोंड एकदम उतरलं.

“काय म्हनत हुती ही?”

“काकवी मागत हुती आबा. आमी न्हाई दिली. शपथ पाळली.”

आबा म्हणाले, “थरथर. घाम. बरळनं.” माझी वाक्ये ते पुन्हा म्हणत होते. पटली नव्हती तरी त्यांनी ती ठेवून घेतली होती. त्यांनी चंची उघडली, खडीसाखरेचा खडा काढला, पोरीच्या मिटलेल्या दातांकडे पाहिले आणि खडा टाकून दिला. मग मडक्यात बोटे बुडवली.

“आबा, भंडारा!” बापू ओरडला.

“त्यो माज्या पदरात घाल. खंडोबाचं मी बगून घेतो.”

त्यांनी शालनला कुशीवर वळवून तिच्या गालाच्या आतून, हिरड्यांवरून काकवीचे बोट फिरवले. थांबले. ती गिळते आहे हे पाहिले आणि पुन्हा फिरवले. गडी हलले नाहीत. चुलवाणातला जाळ कोणी पाहिला नाही, आणि त्या दिवशीचा काहिलीतला सगळा गूळ करपला.

मी जेवणाचे टोपले घेऊन पोचले तेव्हा करपल्याचा वास दूरवर आला. शालन उठून बसली होती. हनुवटीपासून गळ्यापर्यंत काकवी. मला पाहून म्हणाली, “आई, किती उशीर. भूक लागलीया.” आबा लांब बांधावर पाठ करून बसले होते. मी भाकरी मोडून तिच्या तोंडात घालत राहिले.

दुसऱ्या दिवशी सांगलीला निघालो. मी लपवले असते तर डॉक्टरांना कळलेही नसते. पण खोट्या आकड्यांवर जर माझ्या मुलीची भाकरी ठरणार असेल तर ती मला नको होती. आबा न बोलावता बरोबर आले. दवाखान्यात डॉक्टरांसमोर त्यांनी पायातल्या वहाणा काढल्या आणि मी तोंड उघडण्याआधी सगळे सांगितले.

“चूक माजी हाय. पोरीला ठिवून घिऊ नगा. ठिवायचं तर मला ठिवा.”

आपट्यांनी शालनला तपासले, तिच्याशी बोलले, तिला पाढे विचारले. मग तिचा कागद पुढे ओढून पेन उघडले. मला वाटले, संपले.

“आबा, मी तुम्हाला एका बोलात सांगितले होते,” ते म्हणाले. “एका बोलात सांगण्यासारखा हा रोगच नाही. साखर काय करते ते मी तुम्हाला सांगितले. साखर संपली तर काय होते ते सांगितले नाही. गावातून येणाऱ्या प्रत्येक माणसाला मी तेच अर्धे सांगत आलो आहे. आणि खडीसाखर सांगितली तीही माझी चूक. दात मिटलेल्या मुलाच्या घशात खडा अडकला असता. काकवी हे त्या खड्यापेक्षा चांगले औषध आहे. हे मला ठाऊक नव्हते.”

“मग हिला ठिवून घेता?” आबांनी विचारले.

“शुद्ध हरपून आली तर, असे मी म्हणालो होतो. ही तर चालत आली आहे आणि तेराचा पाढा चुकते आहे, जे नेहमीचेच दिसते. घरी न्या. पण गावाला दोन्ही अर्धी सांगा.”

त्यांनी शालनची हकिगत आपल्या निबंधात घातली, गूळबंदीसकट. मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी तो वाचला की नाही मला माहीत नाही. पुढे आपट्यांकडे आलेल्या प्रत्येक मुलाच्या घरच्यांना पहिल्याच दिवशी दोन्ही गोष्टी सांगितल्या जात, आणि घरातल्या सर्वांत वडील माणसाकडून त्या पुन्हा म्हणवून घेतल्या जात. संशोधन म्हणजे काय ते मला त्यावरून समजले. चुकलेल्याने चूक लिहून ठेवावी, म्हणजे पुढच्याचे मूल वाचते.

परतताना आबा कराडला उतरले आणि पालीला खंडोबाला गेले. दुसऱ्या दिवशी घरी आले. मी विचारले, “काय म्हणाला देव?”

“काय न्हाई म्हनला,” आबा म्हणाले. “बोलायचं असतं तर तवाच बोलला असता, काकवीत बोट घालताना. म्हंजी चालतंय त्येला.”

त्याच संध्याकाळी पारावर पुन्हा तीच माणसे जमली. तेच तबक, तेच बेलाचे पान, तीच हळद. आबांनी आधी सगळ्यांना हायपो म्हणजे काय ते सांगितले, माझ्यापेक्षा चांगले सांगितले. त्यांनी सांगितले की चरक रिकामा फिरला तर बैल कोसळतो. मग नवी शपथ घातली. पोर चालती-बोलती असंल तर गोड न्हाई. पोर कापाय लागली, घामेजली, येड्यावानी बोलाय लागली, तर आधी काकवी, मग बाकीचं, आन काकवी देणाऱ्याला कुनी आडवायचं न्हाई. एकेकाने हात पुढे केला. बापूने सर्वांत आधी केला. तो अजून मान वर करून पाहत नव्हता.

तबक माझ्यासमोर आले.

मी पुस्तके वाचलेली बाई. शपथेने औषध होत नाही हे माझे मत आजही तसेच आहे. पण त्या गावात माझ्या मुलीभोवती दिवसभर जी माणसे असणार होती, ती कोणत्या कागदाला बांधलेली नव्हती. ती या पिवळ्या चिमटीला बांधलेली होती. मी भंडारा उचलला.

शालन आज चाळिशी ओलांडून गेली आहे. ती कोरेगावला शिकवते, सुई स्वतः टोचते आणि तिला अजून आत्याबाईच म्हणते. तुमच्या घरात असे मूल असेल तर डॉक्टर सांगतील ते सगळे करा, आजचे डॉक्टर माझ्यापेक्षा खूप जास्त जाणतात. मी फक्त एवढे सांगते की त्यांचे बोलणे पुरे ऐका, आणि घरातल्या, शेजारच्या, शाळेतल्या प्रत्येकाला ते पुरे सांगा. मुलावर प्रेम करणाऱ्या माणसांना अर्धे सांगितले, तर ती जीव ओतून अर्धेच पाळतात.

आबा गेले, बापूही गेला. गुऱ्हाळ आता बापूचा मुलगा पाहतो. दर हंगामात पहिल्या काहिलीतल्या काकवीची एक लहान बाटली तो शालनला पोचती करतो, बूच घट्ट लावून. ती बाटली तिच्या पर्समध्ये असते. वर्ष संपते तेव्हा बहुतेक वेळा ती भरलेलीच असते. मग ती भाचरांना चाटायला देते आणि नवी ठेवते.